बंदुकीच्या नावाचा कागद

जपानमध्ये जुन्या बंदुका शिक्षण खात्याच्या अखत्यारीत येतात, हे मी तोक्योतल्या आमच्या ओजिमा स्टेशनजवळच्या लायब्ररीत वाचलं तेव्हा मला वाटलं, आपलं जपानी अजून कच्चं आहे. वाक्य पुन्हा वाचलं. डिक्शनरी काढली. वाक्य बरोबर होतं. शाळांच्या सहली आणि पाठ्यपुस्तकं पाहणारं खातंच तोड्याच्या, म्हणजे जळती वात लावून उडवायच्या, बंदुकांची नोंदही ठेवतं. कारण त्या बंदुका आता शस्त्र मानल्या जात नाहीत, कलावस्तू मानल्या जातात. बंदुकीला एवढी बढती मिळालेली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

पुढचं वाक्य जास्त महत्त्वाचं होतं. अशा प्रत्येक जुन्या बंदुकीचा एक कागद असतो, ‘तोरोकुशो’ म्हणून. तळहाताएवढा. त्यावर नोंदणीचा क्रमांक, नळीची लांबी, भोकाचा व्यास, कारागिराची खूण आणि कुठल्या प्रांताच्या शिक्षण मंडळाने नोंद केली ते, एवढंच असतं. मालकाचं नाव नसतं. बंदूक विकली की कागद तिच्याबरोबर जातो, आणि नव्या मालकाने मंडळाला तसं कळवायचं. माणसाला परवाना लागत नाही. जन्मदाखला बंदुकीचा असतो, आपण फक्त तिचे सध्याचे पालक.

पुण्यात इतिहासात एम.ए. करताना मी किल्ल्यांवरच्या तोड्याच्या बंदुकांवर प्रबंध लिहिला होता. मार्गदर्शकांनी तो वाचला असावा. रंजक, गज, चाप, जामगी, सगळे शब्द मला येत होते. बंदुका मात्र मी काचेआड पाहिल्या होत्या, आणि काचेवरची पाटी बहुतेक वेळा शेजारच्या वस्तूची असायची. ज्या गोष्टीवर इतकी पानं लिहिली, तिचं वजन मला ठाऊक नव्हतं. मग लग्न झालं, नवऱ्याची कंपनी त्याला एका बँकेच्या सॉफ्टवेअरसाठी तोक्योला पाठवायला निघाली, आणि मी ‘अवलंबित’ असा शिक्का असलेला व्हिसा घेऊन मागोमाग आले. इथे कळलं की जपानची पहिली तोड्याची बंदूक पोर्तुगीज व्यापाऱ्यांबरोबर आली, आणि तिचा घाट गोव्याकडच्या कारखान्यांतला असावा असं काही अभ्यासक म्हणतात. म्हणजे आमच्या किनाऱ्यावरून इथे येऊन स्थायिक होणाऱ्यांत आम्ही सॉफ्टवेअरवाले पहिले नव्हतो. आमच्याआधी बंदूक आली होती, आणि तिने इथे जास्त चांगलं बस्तान बसवलं होतं.

“मला एक हवी आहे,” मी नवऱ्याला सांगितलं.

“काय?”

“बंदूक.”

तो जेवत होता. त्याने घास संपवला. “दुसरं काही चालेल का?”

त्याची काळजी खरी होती. आमचा व्हिसा दर वर्षी एकेका वर्षाने वाढत होता. एका वर्षाच्या व्हिसावर माणूस सोफासुद्धा विचार करून घेतो. त्या खेपेला तीन वर्षांचा मिळेल अशी आशा होती. मुलीला एदोगावातल्या भारतीय शाळेत घालायचं होतं, आणि व्हिसाचा अर्ज इमिग्रेशनकडे पडून होता. अशा वेळी पोलिसांच्या कुठल्याही कागदावर आमचं नाव येणं म्हणजे सामान बांधायला घेणं. इमिग्रेशनच्या खिडकीवर विनोद चालत नाहीत, हे त्याने मला दर वर्षी रांगेत उभं राहून ऐकवलं होतं.

“घे,” तो शेवटी म्हणाला. “पण उद्या कोणी विचारलं तर उत्तर शोधायला लागता कामा नये.”

ही अट मला मान्य होती. किंबहुना माझीच होती.

मी एका जपानी लिलावाच्या साइटवर बंदुका बघू लागले. मुलगी पाळणाघरात गेली की मी कॉम्प्युटरसमोर. थोड्याच दिवसांत माझी नजर बसली. बंदुकीचे पंधरा फोटो आणि कागदाचा एकच, तोही धुरकट, असं दिसलं की मी पुढे जायचे. एका विक्रेत्याने कागदाचा छान स्वच्छ फोटो टाकला होता, फक्त क्रमांकावर त्याचा अंगठा होता. अंगठा काढून पुन्हा फोटो टाकाल का, असं विचारलं तर त्याने दुसऱ्या बाजूने अंगठा ठेवून टाकला. आणखी एकाने लिहिलं, साइट सोडून थेट माझ्या खात्यात पैसे भरा, सूट देतो. साइटच्या बाहेर गेलं की तक्रार करायला दार राहत नाही. सूट त्याचीच असते.

क्रमांक दिसला की मी त्या प्रांताच्या शिक्षण मंडळाला फोन करायचे. फोनवरचं जपानी हे मला तेव्हा बंदुकीपेक्षा धोकादायक वाटायचं, म्हणून वाक्यं आधी पाठ करायचे. मी क्रमांक सांगायचा, पलीकडून त्या नोंदीतली नळीची लांबी कळायची, मग मी ती फोटोतल्या टेपशी ताडून बघायचे. एका देखण्या बंदुकीची नळी कागदावरच्या नळीपेक्षा वीतभर आखूड निघाली. कागद एकीचा आणि बंदूक दुसरीच. विक्रेत्याला विचारलं तर त्याने इतक्या नम्र भाषेत उत्तर पाठवलं, की त्यात उत्तर नाही हे समजायला मला संध्याकाळ झाली.

हे सगळं नवऱ्याने आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षांना सांगितलं. गंमत म्हणून. अध्यक्षांना गंमत म्हणून सांगितलेली गोष्ट ठरावात जाते, हे त्याच्या लक्षात राहिलं नाही.

अध्यक्ष एका भारतीय कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होते. मंडळ त्यांनीच काढलं होतं, त्यामुळे त्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर पुढच्या बाजूला ‘संस्थापक-अध्यक्ष’ आणि मागच्या बाजूला नोकरी, असा क्रम होता. माणूस वाईट नव्हता. कोणाच्या घरी बाळंतपण असलं तर पहिला डबा त्यांच्याकडून यायचा. पण स्टेजच्या तीन पायऱ्या चढल्या की ते बदलत. त्या वर्षी शिवजयंतीला दूतावासातले कोणी सचिव यायचे होते, आणि अध्यक्षांना काहीतरी ‘इम्पॅक्टफुल’ हवं होतं.

एका रविवारी ते आमच्याकडे आले. हातात रंगीत प्रिंटआउट.

“वहिनी, तुम्ही जपान्यांच्या बंदुका कसल्या शोधताय? ही बघा. आपली.”

मी बघितलं. लांब नळी, दस्त्यावर हाडाचे तुकडे जडवलेले, पितळी पत्रे, आणि दस्त्याच्या मागच्या टोकाला पितळेचा गणपती.

“ही कुठली?”

“मराठा. सतराव्या शतकातली. एका सरदाराच्या शस्त्रागारातली.”

“कुठल्या सरदाराच्या?”

“ते त्यांनी गोपनीय ठेवलंय.”

“आणि हा गणपती?”

“तेच तर!” अध्यक्षांचा आवाज हलला. “मी बघितलं आणि हात जोडले.”

“अध्यक्ष, हा दस्ता काखेत दाबून बंदूक मारायचे. काखेत गणपती कोण ठेवेल?”

नवरा खोकला. अध्यक्षांनी माझ्याकडे, आपण मोठ्या मनाने घेतोय अशा नजरेने पाहिलं. “श्रद्धा असते, वहिनी. तुम्ही पुस्तकातून बघता.”

मी पुस्तकातूनच बघत होते, आणि पुस्तकात असल्या बंदुकांचाही फोटो होता. पर्यटकांना दिवाणखान्यात लावायला विकतात त्या. हाड नवं, पितळ नवं, नळी कधी कधी नळाच्या पाइपाची. पण तो वाद मी तिथे घातला नाही. मी विचारलं, आहे कुठे ही?

“कोबेत. तिथल्या एका जुन्या भारतीय व्यापाऱ्याच्या गोदामात. पिढ्यान्‌पिढ्या तिथे असलेली पेढी. आपलीच माणसं.”

“पेढीचं नाव?”

अध्यक्षांनी चहाचा घोट घेतला.

“गोपनीय,” नवरा म्हणाला. मला ते आवडलं.

“थट्टा करा. पण माणूस जंटलमन आहे. इंग्रजी काय लिहितो! मी आगाऊ रक्कम पाठवलीसुद्धा, माझ्या खिशातून. आणि तुम्हाला कायद्याची फार काळजी ना, तर लायसन्सही तोच काढून देतोय. यांच्या नावाने.”

यांच्या म्हणजे माझ्या नवऱ्याच्या.

“माझ्या का?” नवऱ्याने विचारलं.

“तुम्ही खजिनदार. मंडळाची मालमत्ता खजिनदाराच्या नावावर असते. हॉलच्या बुकिंगला तुम्ही पासपोर्टची कॉपी दिली होती ना, तीच पुढे पाठवली. घरचा पत्तापण दिलाय. पार्सल इथेच येईल.”

खजिनदारकी त्याने घेतली ती नाही म्हणता येत नाही म्हणून. तो अध्यक्षांकडे बघत होता, आणि मी त्याच्याकडे.

मग लायसन्स आलं. ई-मेलने, आणि नवऱ्याने ते ऑफिसात रंगीत छापून घरी आणलं. सोनेरी कडा, लाल गोल शिक्का, दोन सह्या, वर कुठल्याशा ‘राष्ट्रीय शस्त्र मंत्रालया’चं नाव इंग्रजीत. मधोमध नवऱ्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि पासपोर्टवरचा फोटो.

मला वाटलं होतं तो घाबरलेला असेल. तो जरा खूश होता.

“तसं बघितलं तर व्यवस्थित आहे,” तो म्हणाला. “नाव बरोबर आहे. जन्मतारीख बरोबर आहे. फोटोपण आहे.”

“पासपोर्टवर घाबरलेला दिसतोस, तसाच इथेही दिसतोस.”

“पण बनावट असतं तर इतकं सगळं कशाला छापलं असतं?”

त्याच्या या प्रश्नावर मला तो कागद कळला. आपल्याकडे परवाना माणसाला मिळतो. कलेक्टर कचेरीत खेटे घालून, चारित्र्याचा दाखला देऊन, वर्षानुवर्षांनी. गावाकडे ज्याच्याकडे बंदुकीचा परवाना असतो तो माणूस बंदुकीपेक्षा परवाना जास्त दाखवतो. त्यामुळे कागदावर आपलं नाव, फोटो आणि शिक्का दिसला की आपण निश्चिंत होतो. एखाद्या जपानी माणसाला हा कागद दाखवला असता तर त्याने तो उलटसुलट करून विचारलं असतं, यात बंदूक कुठे आहे? नळीची लांबी नाही, व्यास नाही, क्रमांक नाही. नवऱ्याची जन्मतारीख आहे आणि बंदुकीचा पत्ताच नाही. ज्याने कोणी हा कागद बनवला, त्याला जपानचा कायदा ठाऊक असो वा नसो, आपण लोक ठाऊक होते. तो कागद आमच्याच मापाने शिवला होता.

दुसऱ्या दिवशी मी कोबे ज्या प्रांतात आहे तिथल्या शिक्षण मंडळाला फोन लावला. वाक्यं पाठ होती, पण या वेळी उपयोगी पडली नाहीत. लायसन्सवर माझ्या नवऱ्याचं नाव आहे, असं मी सांगितलं.

पलीकडून एका बाईने विचारलं, “नाव? कारागिराचं?”

“नाही. माझ्या नवऱ्याचं.”

“तुमचे पती बंदुका बनवतात का?”

“ते सॉफ्टवेअर बनवतात.”

मग तिचा सूर बदलला. अजून नम्र, पण प्रत्येक शब्द सुटा. “ओकुसान,” म्हणजे बाईसाहेब, “ती बंदूक आत्ता तुमच्या घरात आहे का?”

“नाही. येणार आहे म्हणतात.”

“नोंद नसलेली बंदूक घरी आली तर कृपा करून ताब्यात घेऊ नका. आधी पोलिसांना कळवा. नोंद नसताना जवळ ठेवणं हा गुन्हा आहे. भेट असली तरी.”

फोन ठेवल्यावर मी गॅसवरचं दूध बंद केलं आणि तिथेच उभी राहिले. आतापर्यंत मी लुबाडणुकीचा विचार करत होते. आता उलटं लक्षात आलं. विक्रेता लबाड असेल तर अध्यक्षांची रक्कम जाईल, त्यांचा ऊर थोडा कमी फुगेल, संपलं. पण विक्रेता प्रामाणिक असेल, त्याच्या समजुतीने तो खरंच नळी आणि चाप असलेलं काहीतरी आमच्या पत्त्यावर पाठवून देईल, तर? दारावर कुरियरवाला, खोक्यावर नवऱ्याचं नाव, आत बंदूक, आणि तिच्यासोबत नवऱ्याच्याच नावाचा बनावट कागद. लबाड निघावा अशी मी एका अनोळखी माणसाबद्दल मनापासून इच्छा करत होते.

त्याला पारखायचा एकच मार्ग मला सुचला. नवऱ्याच्या ई-मेलवरून मी लिहिलं: आम्ही शनिवारी कोबेला येतोय, बंदूक स्वतः बघून हातोहात घेऊ, कुठल्या स्टेशनवर उतरायचं तेवढं कळवा, आणि तिच्या तोरोकुशोचा क्रमांक द्या. उत्तर जेवणाच्या आत आलं. बंदूक कोबेहून निघाली आहे. सध्या वाटेत आहे. ती सोडवायला उरलेली रक्कम ताबडतोब पाठवा, खातं तिसऱ्याच एका देशातलं. आणि सरकारी कार्यालयांशी संपर्क करू नका, त्याने लायसन्सला उशीर होतो.

मी ते पत्र छापलं. लायसन्स, अध्यक्षांनी आणलेली जाहिरात आणि हे, असे तिन्ही कागद एका फोल्डरमध्ये घातले. नवरा घरी आला तेव्हा मी बूट घालून दारात बसले होते.

“कुठे?”

“कोबानमध्ये.” कोबान म्हणजे चौकातली पोलिसचौकी. आमच्या स्टेशनबाहेर होती.

तो दारातच भिंतीला टेकला. “व्हिसाचा अर्ज आत आहे. आणि आपण स्वतःहून पोलिसांकडे जायचं? बंदुकीच्या प्रकरणात?”

“पार्सल आल्यावर गेलो तर प्रकरण आपलं. आधी गेलो तर त्याचं.”

त्याने अध्यक्षांना फोन लावला. मला वाटतं, कोणीतरी मला थांबवावं एवढीच त्याची अपेक्षा होती. फोन माझ्या हातात आला.

“वहिनी, पोलिस? अहो, मंडळाची इज्जत. दूतावासाची माणसं येणारेत. आठ दिवस थांबा, जयंती होऊ द्या, मग शांतपणे बघू.”

“पार्सलला सांगता का तसं?”

“तुम्ही माणसावर विश्वासच ठेवत नाही. हा तुमचा प्रॉब्लेम आहे.”

“ठेवते. भेटलेल्या माणसावर ठेवते. तुम्हाला तो भेटलाय का?”

“ई-मेल...”

“अध्यक्ष, तुमचं नाव कुठेही येणार नाही असं मी सांगू शकत नाही. विचारलं तर खरं सांगेन. तुम्ही आलात तर बरं होईल.”

ते आले नाहीत. त्यांना अचानक ओसाकाच्या क्लायंटचा फोन आला.

चौकीपर्यंत पाच मिनिटांची वाट. नवरा दोनदा म्हणाला, उद्या येऊ. मी चालत राहिले, कारण थांबले असते तर मलाही उद्या बरा वाटला असता. आत टेबलामागे एक वयस्क पोलिस होता. त्याने आधी परदेशी नोंदणीची कार्डं मागितली, ती समोर नीट एकाखाली एक ठेवली, आणि मग फोल्डर उघडलं. लायसन्सवरच्या इंग्रजी अक्षरांखालून त्याने बोट फिरवलं.

“बंदूक कुठे आहे?”

“नाही,” मी म्हणाले.

“मग हे कशाचं आहे?”

“तेच विचारायला आलो.”

त्याने नवऱ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं. “हे तुम्हीच.”

“हो. म्हणजे फोटो माझा आहे. कागद माझा नाही.” नवऱ्याचं जपानी ऑफिसातलं होतं, सर्व्हर बंद पडल्याची माफी मागताना वापरतात त्या सुरात तो बोलत होता.

मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. पासपोर्टची कॉपी कशी गेली, अध्यक्षांनी काय केलं, शिक्षण मंडळाला फोन केला तेव्हा तिथल्या बाईंनी काय सांगितलं. माझी वाक्यं मोडकी होती, पण क्रम बरोबर होता. पोलिस लिहून घेत होता. मध्येच पेन थांबवून त्याने विचारलं, “मुळात बंदूक कोणाला हवी होती?”

नवऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं. इतक्या पटकन त्याने कधी काही कबूल केलं नव्हतं.

मग मला प्रबंध सांगावा लागला. पोलिसाने तो मार्गदर्शकांपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकला. आमच्या गावच्या जत्रेत म्हातारे लोक चिलखत घालून हिनावाजू उडवतात, तो म्हणाला; आवाजाने कुत्री पळतात. हिनावाजू म्हणजे तोड्याची बंदूकच. मग त्याने वरच्या ठाण्याला फोन केला. बराच वेळ “हाय, हाय”, म्हणजे हो, हो, चाललं होतं. नवरा भिंतीवरच्या हरवलेल्या मांजराच्या पत्रकाकडे बघत होता.

फोन ठेवून पोलिस म्हणाला, तिन्ही कागदांच्या प्रती मी ठेवतो. पार्सल आलं तर पोच म्हणून शिक्का मारू नका, सही करू नका, आत घेऊ नका. आम्हाला फोन करा. पैसे पाठवू नका. त्या माणसाला उत्तर देऊ नका.

“आमचा व्हिसा...” नवऱ्याने विचारलं.

“तो इमिग्रेशनचा प्रश्न. मला त्यात काही सांगता येत नाही.” त्याने कार्डं परत दिली. “तुम्ही स्वतःहून आलात, एवढं मी लिहिलं आहे.”

एवढंच मिळालं. बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, “एवढ्याने होईल?” मी म्हणाले, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. पण आता कोणी विचारलं तर उत्तर शोधायला लागणार नव्हतं.

पुढचे काही आठवडे आमच्या दाराची बेल म्हणजे एक परीक्षा झाली. एकदा मी जपानीच्या क्लासला गेले असताना कुरियरवाला मोठं खोकं घेऊन आला. नवऱ्याने दाराच्या साखळीआडूनच हात हलवले, शिक्का मारायला नकार दिला, खोकं परत पाठवलं आणि मला धापा टाकत फोन केला. “आलं होतं. जड होतं. लांब नव्हतं, पण तुकडे करून पाठवलं असेल.”

“पाठवणाऱ्याचं नाव वाचलंस?”

“वाचायचं कशाला?”

मी कुरियरच्या ऑफिसला फोन केला. खोकं पुण्याहून सासूबाईंनी पाठवलेलं होतं. भाजणी, मेतकूट आणि मुलीसाठी स्वेटर. ते आणायला त्याला सायकलवर जावं लागलं. सासूबाईंना आम्ही अजून सांगितलेलं नाही.

दुसरं कुठलंही पार्सल आलं नाही. विक्रेत्याची पत्रं आधी आर्जवी, मग रागाची झाली आणि मग थांबली. त्याची जाहिरातही इंटरनेटवरून नाहीशी झाली. शिवजयंतीला अध्यक्षांनी फेटा बांधून, पत्र्याची तलवार उंचावून भाषण केलं. आपण एक ऐतिहासिक शस्त्र आणणार होतो, पण सुरक्षेच्या कारणास्तव ते शक्य झालं नाही, असं त्यांनी सांगितलं. सचिवसाहेबांनी मान डोलावली. खाली बसलेला माझा नवरा टाळ्या वाजवत होता. त्याच्याएवढं सुरक्षित तिथे कोणालाच वाटत नव्हतं. त्यानंतर पंधरवड्याने त्याने खजिनदारकी सोडली. नाही म्हणायला त्याला एक पानभर पत्र लागलं, पण म्हणाला.

इमिग्रेशनचं पोस्टकार्ड आलं. आम्ही दोघं गेलो. खिडकीवरच्या माणसाने पासपोर्ट सरकवले. स्टिकरवर तीन वर्षं. नवऱ्याने ते वाचलं, मला वाचायला दिलं, परत घेऊन पुन्हा वाचलं. घरी जाताना त्याने स्वतःच विषय काढला.

“तुझं ते शोधणं चालू आहे की सोडलंस?”

“चालू आहे.”

“मला वाटलंच.”

तोक्योशेजारच्या सायतामातला एक निवृत्त गृहस्थ वडिलांची बंदूक विकत होता. कागदाचा फोटो दोन्ही बाजूंनी, अंगठ्याविना. त्या प्रांताच्या मंडळाला फोन केला. लांबी जुळली, व्यास जुळला. घरी येऊन बघू का, असं लिहिलं तर त्याने नकाशा पाठवला. आम्ही दोघं गेलो. मी टेप काढला तेव्हा मला संकोच वाटला, पण त्याने आधीच स्वतःचा टेप टेबलावर ठेवला होता. आम्ही दोघांनी आळीपाळीने नळी मोजली. मग त्यानेच माझी चौकशी सुरू केली. कुठे ठेवणार, ओलसर जागा तर नाही, उडवायचा विचार आहे का, पुढे देश सोडलात तर हिचं काय करणार. मी म्हणाले, उडवणार नाही. आणि देश सोडला तरी ती सोडणार नाही, इथेच कोणाच्या तरी हाती नीट देऊन जाईन. त्याचं समाधान झालेलं दिसलं. वडिलांची वस्तू विकणाऱ्याने इतके प्रश्न विचारावेत, हे मला पटलं.

मग मी ती उचलली. पुढे जड होती. नळीकडे झुकत होती, इतकी की डावा हात मला वाटलं होतं त्यापेक्षा बराच पुढे न्यावा लागला. माझ्या प्रबंधात सैनिक ती कुठे धरत असत याबद्दल एक आत्मविश्वासाने लिहिलेला परिच्छेद होता. तो चुकीचा होता.

बंदूक कापडात आणि कागद तिच्याच पिशवीत, असं आम्ही गाडीने परत आलो. मालक बदलल्याचं पत्र मी ओजिमा स्टेशनबाहेरच्या पेटीत टाकलं. घरी नवऱ्याने बंदूक जमिनीवर ठेवून लांबून पाहिली, मग जवळून, मग भिंतीकडे पाहिलं.

“इथे लावूया. टीव्हीच्या वर.”

“खिळा मारायला हौसिंगच्या ऑफिसची परवानगी लागते.”

“विचारतो की,” तो म्हणाला, आणि सोमवारी ऑफिसातून त्याने खरंच फोन केला. बंदुकीबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. खिळ्याला साफ नकार दिला. तेव्हापासून ती कपाटावर आडवी आहे, आणि महिन्यातून एकदा तिच्यावरची धूळ तो पुसतो.